छावणीतली तोंडी परीक्षा

"कावून लाजता रे? तोंड उघडा!" असं म्हणून आमचे फ्रेंचचे सर आधी स्वतःच एवढं तोंड उघडत, की पहिल्या बाकावरच्यांना त्यांची अक्कलदाढ दिसे. विद्यापीठात मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवायचो. मधली भिंत पातळ, त्यामुळे माझंही बरंच फ्रेंच फुकटात झालं.

फ्रेंचचा प्राध्यापक म्हणजे अत्तर लावणारा, हळू बोलणारा माणूस, अशी तुमची कल्पना असेल तर सोडून द्या. सर मूळचे आष्टी तालुक्यातले. पायात वहाणा, आणि फ्रेंच कविता लेझमीच्या तालावर पाठ करून घ्यायचे. एखादी पोरगी कुरकुरली, "सर, आमचं मराठीच धड न्हाई," की त्यांना आनंद. "मंग लई बरं हाय! बिघडायला काई उरलंच न्हाई."

सुनंदा अशीच कुरकुरत आली आणि एम.ए.च्या शेवटच्या वर्षापर्यंत पोचली. त्या साली पाऊस झाला नाही. कडा गावाजवळ दूध सोसायटीने जनावरांची छावणी उघडली. जनावरापाशी घरचं माणूस हजर नसेल तर वैरण बंद, असा तिथला नियम. सुनंदाच्या वडिलांचा पाय मोडलेला, आई त्यांच्यापाशी, म्हणून गाईंपाशी ही. लेखी पेपर आधीच झाले होते, तोंडी राहिली होती. तिने निरोप पाठवला, "वर्ष गेलं तर जाऊ द्या सर. गाई गेल्या तर पुन्हा येणार न्हाईत."

दुसऱ्याच दिवशी सरांनी कुलगुरूंकडून परवानगी काढली, पुण्याहून आलेल्या परीक्षक बाईंना पटवलं आणि विद्यापीठाच्या जीपमध्ये बसवलं. मीही मागे चढलो. अशी परीक्षा चुकवणं मला शक्यच नव्हतं.

छावणीत जीप शिरली आणि एकच धावपळ उडाली. जीप, चष्मा, हातात फाईल! लोकांना वाटलं, दुष्काळाची पाहणी करायला सरकारी पथक आलं. सोसायटीचे चेअरमन टोपी सावरत धावले. बाईंच्या गळ्यात हार पडला. "वैरण वाढवा रे! भरभरून टाका!" चेअरमन ओरडले. एका म्हातारीने बाईंचा हातच धरला. "बाई, टँकरचं पाणी लई गढूळ येतंय. वर सांगा."

मी सरांच्या कानात म्हटलं, "अहो, खरं सांगून टाका."

"थांबा हो. आधी वैरण पडू द्या."

ती सगळ्या दावणींना पडली, तेव्हा सर बाजेवर चढले. "चेअरमनसाहेब, ह्या सरकारच्या न्हाईत. आमच्या पोरीची परीक्षा घ्यायला आल्यात." चेअरमनांचा चेहरा पडला. पण गाईच्या तोंडातला घास कोण काढणार? शेवटी त्यांनाच हसू फुटलं आणि त्यांनी चहा सांगितला.

लिंबाखाली परीक्षा सुरू झाली. बाईंनी पानगळीवरच्या एका कवितेबद्दल विचारलं. सुनंदा अडखळली. सरांना मधे बोलायची मुभा नव्हती. ते वहाणेच्या टोकाने माती उकरत बसले. मग तिने बाईंवरची नजर काढून गाईंकडे पाहिलं आणि बोलू लागली. कोरडी विहीर, घरी पडून असलेले वडील, पान न उरलेलं शेत. कवितेतला माणूस कशासाठी रडतो, ते ती फ्रेंचमध्ये सांगत होती. भोवतीची माणसं चहा विसरली.

"काय म्हनती पोरगी?" म्हातारीने विचारलं.

"आपलंच सांगती, आजी," सर म्हणाले आणि उपरण्याने डोळे पुसले. बाई आणखी प्रश्न विचारत राहिल्या. मार्क केव्हाच देऊन झाले होते, त्यांना फक्त ऐकायचं होतं.

सर गेल्या साली गेले. विद्यापीठात शोकसभा झाली. मोठमोठी माणसं बोलली. फ्रेंच विभागाच्या शिक्षकांच्या रांगेत एकच खुर्ची रिकामी होती, सुनंदाची. अध्यक्षांचं भाषण चालू असताना शेजारच्या खोलीतून पोरांचा फ्रेंच कवितेचा गलका आला, लेझमीच्या तालावर. शिपाई दार लावायला उठला.

"राहू दे," मी म्हटलं. "मॅडमचा तास चालू आहे."