डेटा गेला तर चालेल का

आमच्या धारवाडच्या घरात कॉम्प्युटर आला तो अण्णामुळे. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. बंगळूरला नोकरी लागल्यावर त्यानं हुबळीत लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका दुकानातून सुटे भाग जुळवून घेतले आणि बाहेरच्या खोलीत टेबलावर यंत्र मांडून दिलं. अप्पा तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. सारी नोकरी शाळेत गणित शिकवण्यात गेलेली. त्यांना हे खेळणं आवडेल असं अण्णाला वाटलं, आणि तसंच झालं. अप्पा अण्णाला इंग्रजीत मेल लिहायचे, पत्ते खेळायचे, पेन्शनचे तक्ते करायचे. आईनं जुन्या इरकल साडीचं कव्हर शिवून त्यावर घातलं. तिचा त्या यंत्राशी तेवढाच संबंध होता.

आई गाणं शिकवायची. माहेर मिरजेकडचं, गाणं तिथूनच घेऊन आलेली. संध्याकाळी गल्लीतल्या मुली सतरंजीवर बसायच्या आणि आई पेटी पुढ्यात घेऊन एकेक ओळ सांगायची. अभंग मराठीत, दासरपदं कन्नडमध्ये. मुलींत दोन्ही भाषांच्या असत, आणि कुणी कुठल्या भाषेत गावं याचा प्रश्न त्या खोलीत कधी आला नाही. आईचा आवाज मोठा नव्हता, पण स्वच्छ होता. स्वयंपाकघरात मी काही करत असले तरी प्रत्येक शब्द ऐकू यायचा.

मग तिच्या गळ्यात गाठ निघाली. हुबळीच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि आवाज बदलण्याची शक्यता आहे, हेही सांगितलं. आई नको म्हणत होती. अप्पांनी तिचं ऐकलं नाही. गाणं नसलं तरी चालेल, तू पाहिजेस, असं ते माझ्यासमोर तिला म्हणाले. इतकं उघड बोलणं त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

ऑपरेशनच्या आधी एका दुपारी आईनं मला विचारलं, "ह्या तुमच्या यंत्रात गाणं ठेवता येतंय का गं?"

येतं म्हटल्यावर मी सुभाष रोडवरून एक साधा मायक्रोफोन आणला. मग पुढचे काही दिवस आम्ही दुपारी खिडक्या लावून बसायचो. पंखा बंद. अप्पा बाहेर कट्ट्यावर खुर्ची टाकून बसायचे आणि भाजीवाली गल्लीत शिरली की तिला हातानंच गप्प करायचे. आईनं तिला येत होतं ते जवळजवळ सगळं गायलं. मंगळागौरीची गाणी, पाळणे, तिच्या आईकडून आलेली आणि कुठंच लिहिलेली नसलेली पदंसुद्धा. फायली इतक्या मोठ्या झाल्या की फ्लॉपीत एकही मावेना. अण्णा दिवाळीला येताना सीडी लिहायचं यंत्र घेऊन येणार होता. तोवर ती तिथंच राहू देत, असं ठरलं.

ऑपरेशन झालं. आई वाचली आणि आवाज गेला. अगदी गेला असं नाही. बोलताना जाडसर, फुटका, वाऱ्यावर विरणारा असा काहीतरी उरला. शेजारच्या खोलीतून हाक मारायची तर ती भांडं वाजवायची. मुली काही दिवस आल्या, आईजवळ बसून गेल्या, मग येईनाशा झाल्या.

ती गाणी आई ऐकेल असं मला वाटलं नव्हतं. पण एकदा मी शिकवायचे त्या शाळेतून लवकर घरी आले, तर ती कॉम्प्युटरसमोर बसलेली. कानाला हेडफोन, डोळे मिटलेले, डाव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर ताल धरत होती. सुरू कसं करायचं हे ती अप्पांकडं बघून बघून शिकली होती. मला पाहिल्यावर तिनं हेडफोन काढला आणि अप्पांना सांगू नकोस म्हणाली. ऑपरेशनचा हट्ट त्यांचा होता. आपण असं ऐकत बसतो हे कळलं तर त्यांच्या जिवाला लागेल. अप्पा दुपारी वाचनालयात जायचे, तेवढा वेळ तिचा.

त्या दिवाळीला अण्णाला रजा मिळाली नाही, सीडीचं राहूनच गेलं. पुढच्या उन्हाळ्यात वीज फार जाऊ लागली. एकदा अप्पा मेल लिहीत असतानाच गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर सुरू होईना. बटण दाबलं की आतला पंखा फिरायचा, आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक पांढरी ओळ येऊन थांबायची. अप्पांनी अण्णाला फोन लावला. त्याच्या सांगण्याप्रमाणे कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं, धूळ फुंकली, वायरी उपसून परत बसवल्या, मेमरीची पट्टी काढून खोडरबरानं घासली. आई मागं उभी राहून बघत होती. ओळ काही जाईना. अण्णा म्हणाला, दुकानात न्या, ते करून देतील.

मला त्या दिवशी परीक्षेचं काम होतं, मी शाळेत गेले. पुढचं मला आईकडून आणि अप्पांकडून नंतर कळलं. अप्पांनी डबा जुन्या चादरीत बांधला आणि बसस्टँडवर जायला रिक्षा बोलावली. ते रिक्षात बसल्यावर आई फाटकापाशी गेली आणि त्यांना म्हणाली, त्यात गाणी आहेत, दुकानदाराला सांगा. रिक्षा सुरू झालेली होती. अप्पांनी मान हलवली, तिला वाटलं ऐकलं. त्यांना वाटलं, ती जपून जा म्हणतेय.

दुकानातल्या माणसानं डबा तपासला आणि सगळं पुसून नव्यानं घालावं लागेल म्हणाला. तसं करण्याआधी त्यानं रीतसर विचारलं, "डेटा होदर नडीतदेन्री, सर?" डेटा गेला तर चालेल का.

"नडीतदप्पा," अप्पा म्हणाले. चालेल की.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा अप्पा खुशीत होते. कॉम्प्युटर टेबलावर होता, पडद्यावर हिरवी टेकडी आणि निळं आभाळ. पूर्वीपेक्षा लवकर सुरू होतोय बघ, असं म्हणून त्यांनी तो मला बंद करून, पुन्हा सुरू करून दाखवला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी खुर्चीवर बसले आणि शोधायला लागले. गाणी ठेवलेली जागाच नव्हती. सगळीकडं शोधलं. अप्पांचे तक्तेही नव्हते.

"काय शोधतेस?" अप्पांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांना ते लगेच कळलं नाही. डेटा म्हणजे आकडे, ते म्हणाले, आकडे माझे मला पाठ आहेत, म्हणून मी हो म्हटलं. मग बोलता बोलता थांबले आणि आईकडं वळले.

"गाणी म्हणजे डेटा होय गं?" हे त्यांनी मला विचारलं, पण बघत होते तिच्याकडं.

 आईनं आत जाऊन चहा टाकला. अप्पा तसेच उभे राहिले. चहा घेऊन आली तेव्हा ती त्यांना एवढंच म्हणाली, "बसा की. उभे का?"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि डबा घेऊन अप्पांबरोबर हुबळीला गेले. दुकानातला माणूस भला होता. गेलेल्या फायली शोधण्याचा एक प्रोग्रॅम लावून तो दुपारपर्यंत आमच्यासाठी बसला. अण्णाच्या लग्नाचे काही फोटो सापडले, अर्धे राखाडी झालेले. गाण्यांच्या जागी नुसती खरखर. गाणी आहेत असं तुम्ही म्हणाला असतात तर आधी बाजूला काढून ठेवली असती सर, असं तो कन्नडमध्ये हळूच म्हणाला. अप्पांनी मान डोलावली, त्याचे आभार मानले. परतीच्या बसमध्ये उणकलचं तळं गेलं, नवलूर गेलं, अप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. डबा मांडीवर होता. मी घेते म्हटलं तर दिला नाही.

त्यानंतर अप्पांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. अण्णाला पोस्टकार्डं लिहू लागले. आई मात्र एकदाही रागावली नाही. रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं, असं मला अजून वाटतं. दुपारी ती ऐकत बसायची हेही तिनं त्यांना कधी कळू दिलं नाही.

काही महिन्यांनी एक नवीनच सुरू झालं. दुपारी अप्पा वाचनालयात जायचे थांबले आणि आईसमोर सतरंजीवर बसू लागले. इतकी वर्षं शेजारच्या खोलीत वह्या तपासताना त्यांनी ती गाणी ऐकली होती, शब्द सगळे पाठ होते. सूर मात्र एकही नव्हता. ते गायचे, आई पेटीवर स्वर धरायची आणि हातानं दाखवायची, वर, अजून वर. अप्पा वर जायचे आणि घसरायचे. कधीकधी आईला हसू यायचं आणि त्या हसण्याला आवाज नसायचा. एका पदाचं दुसरं कडवं दोघांनाही आठवेना. आईनं पेटीवर ती चाल पुन्हा पुन्हा वाजवली, शब्द काही आले नाहीत. अप्पा म्हणाले, राहू दे आज. ते कडवं पुढंही आलं नाही.

आता दोघंही नाहीत. पाळणे मी माझ्या मुलीसाठी म्हणते, जेवढे येतात तेवढे. म्हणताना आईचा जुना आवाज मनात आणायचा प्रयत्न करते. येतो तो नंतरचा, फुटका. त्याच्या मागं कुठंतरी आधीचा असेल म्हणून थोडा वेळ गप्प बसते. मुलीला वाटतं मी चाल विसरले.