तेराव्याचा रग

रविवार, १८ डिसेंबर १९८३. दुपारचे सव्वातीन. सौंसरहून आलेली जीप पांढुर्णा स्टेशनबाहेरच्या संत्र्यांच्या शेडसमोर थांबली आणि पाद्रीसाहेबांनी उतरता उतरता मला विचारले, "पूरे ग्यारह हैं न, बाबूजी?"

अकराच रग होते. मी स्वतः बांधले होते.

मी तेव्हा टपाल कचेरीत होतो. ख्रिस्ती नव्हतो, होण्याचा विचारही नव्हता. त्या वर्षी सौंसरच्या लहानशा चर्चने शेडमध्ये उघड्यावर झोपणाऱ्यांना पांघरूण देण्याचे ठरवले, आणि पांढुर्ण्यात घरोघर ओळख असलेला माणूस त्यांना हवा होता. आदल्या हिवाळ्यात याच शेडमध्ये एक जण थंडीने मेला होता. त्याच्या खिशात एक कार्ड सापडले. त्यावरचा पुसट पत्ता वाचण्यासाठी पोलिसांनी मला बोलावले. मला तो वाचता आला नाही. चर्चच्या लोकांना हो म्हणण्यास एवढे कारण पुरेसे होते. मेव्हण्याने मात्र आठवडाभर पिच्छा पुरवला: "काय भाऊजी, बाटून राहिले काय?"

काही रग चर्चने नवे घेतले होते. उरलेले मी गावातून मागून आणले. त्यांत एक हिरवा, जाड, खरा लोकरी होता. तो मी मुद्दाम एका माणसासाठी बाजूला ठेवला. हा साठीचा म्हातारा शेडमध्ये संत्र्यांच्या पेट्या चढवत असे. आठ दिवसांपासून त्याला ताप होता, खोकला छातीत उतरला होता, म्हणून काम सुटले होते. पेट्यांत घालायच्या वाळल्या तणसावर तो पडून असे. अंगावर एक सुती धोतर, तेही दुहेरी नव्हे. त्या रात्री पारा आणखी उतरणार हे सांगायला रेडिओची गरज नव्हती.

पाद्रीसाहेबांनी हिंदीत प्रार्थना केली. ती लांबली. मग वाटप झाले. म्हातारा रांगेत शेवटी होता. मी हिरवा रग त्याच्या हातात दिला. त्याने घडी उलगडली, काठ पाहिला, पुन्हा घडी केली आणि माझ्याकडे परत धरली.

"हे तं आमच्या शेटचं होय."

"होते. आता तुमचे."

"शेट तं मेला ना."

"मेला, म्हणूनच मिळाले," मी म्हणालो. इतके मूर्ख वाक्य मी पुन्हा कधी बोललो नाही.

"मंग नोको, बाबूसाहेब. मढ्यावरचं घेणं आम्ही छप्पन साली सोडलं. नागपूरले जाऊन आलो तवापासून. माह्या आज्यानं घेतलं, बापानं घेतलं. म्या नाही घेत."

मेलेल्याच्या अंगावरचे कापड उचलणे हे त्याच्या वाडवडिलांवर गावाने लादलेले काम होते, आणि वर त्यालाच त्यांचा हक्क म्हटले जाई. बौद्ध झाल्यावर त्यांनी ते सोडले. हे मला माहीत नव्हते असे नाही. शेटच्या घरची, मृत्यू कळवणारी, कोपरा फाडलेली कार्डे मीच शिक्का मारून रवाना केली होती. तेराव्याच्या दिवशी तो रग मीच त्यांच्या ओट्यावरून उचलला होता. चांगला आहे, एवढेच पाहिले.

तरी मी वाद घातला. "हे मढ्यावरचे नव्हे. खाटेवरचे आहे."

"खाटेवरचं तं खाटेवरचं. पण जीव त्याच्यातच गेला ना?"

पाद्रीसाहेबांना काय चालले आहे ते कळेना. मी सांगितले. ते म्हणाले, "कपड़ा तो कपड़ा है, भाई. ठंड किसी को नहीं पूछती।"

म्हातारा खोकत खोकत हसला. "साहेबाले सांगा, म्या एक डाव धरम बदलला तो याच्याचसाठी. आता हेच घ्याले पुन्हा बदलू काय?"

याचे भाषांतर मी केले नाही.

एव्हाना रांगेतल्या सगळ्यांनी ऐकले होते. जामसांवलीच्या मारुतीच्या दर्शनाला म्हणून घरच्यांनी आणलेली आणि मागेच राहिलेली एक बाई आपले पांघरूण नाकाशी नेऊन म्हणाली, "बाबू, माह्यावाल्याचा मालक जिता हाये ना?" बाजूने जाणारा हमाल थांबला. "पोष्टात पुसा, मावशी! बाबू मेलेल्याइची यादी ठेवते." सगळे हसले, पण दोघांनी रग खाली टाकले. ते कोणाच्या घरचे, घरात कोण कोण आहे आणि सगळे कसे धडधाकट आहेत, हे मी उभे राहून शपथेवर सांगितले. नोकरीच्या वीस वर्षांत मी एवढी साक्ष कधी दिली नव्हती. त्यांनी रग उचलले, पण बराच वेळ उन्हात धरून ठेवले.

त्या बाईच्या वाट्याला चर्चने घेतलेला नवा रग आला होता. मी तिला विचारले, तुझा नवा याला देऊन हा हिरवा घेशील का?

"काहून? त्याले नवं अन् मले मेलेल्याचं?"

ती बरोबर होती. त्या दुपारी सगळेच बरोबर होते, आणि रग मात्र माझ्याच हातात होता.

पाद्रीसाहेबांना सौंसरला संध्याकाळच्या प्रार्थनेला पोहोचायचे होते. "आप सँभालिए, बाबूजी," असे म्हणून ते जीपमध्ये बसले. साडेचार वाजले होते. शेडच्या पत्र्यावरून ऊन उतरले होते. म्हातारा तणसावर गुडघे छातीशी घेऊन बसला होता.

"हट्ट केलात तर आज रात्री मराल," मी म्हणालो.

"मरीन. पण त्याच्यात नाही."

मी सायकल काढून कापडाच्या दुकानाकडे गेलो. दुकान बंद. मालक घरी जेवून आडवा झालेला. "आयतवारी बी कोणी पांघरूण घेते काय, बाबू?" तो कुरकुरत उठला, किल्ल्या शोधण्यात त्याने वीस मिनिटे घालवली, मग मला तीन रग दाखवू लागला. मी वरचा घेतला. त्यावर गिरणीची कागदी चिठ्ठी शिवलेली होती. ती तो काढू लागला, तेव्हा मी त्याचा हात धरला.

म्हाताऱ्याने चिठ्ठी बोटाने चाचपली. मग विचारले, "कोणाच्या नावानं देऊन राहिले?"

प्रश्न रास्त होता. आमच्याकडे मेलेल्याच्या नावाने नवी वस्तूही देतात.

"कोणाच्याच नाही. थंडी आहे म्हणून."

"तुमच्या घरी कोणी गेलं नाही ना?"

"नाही."

त्याने रग डोक्यावरून घेतला आणि आत हातांनी घट्ट धरला. आभार मानले नाहीत. मानण्याजोगे काही झालेही नव्हते. "उभे काहून? तणस हाये, बसा," तो म्हणाला. मी बसलो नाही. अंधार पडत होता आणि सायकलला दिवा नव्हता.

हिरवा रग कॅरिअरला बांधून मी शेटच्या घरी गेलो. मुलगा बाहेर आला. डोक्यावर केस नुकते फुटत होते.

"हा परत घ्या."

"काहून? वाटून उरला?"

"घेत नाहीत. मेलेल्याचा आहे."

"गरिबालेही चालत नाही?"

"नाही."

"मग आता मी याचं काय करू?"

"पांघरा. वडिलांचा आहे."

तो एक पाऊल मागे सरला. "काय बोलता बाबूजी! मेलेल्याचं घरात कसं ठेवायचं?"

"तोही हेच म्हणाला," मी सांगितले. रगाची घडी ओट्यावर ठेवली, कॅरिअरची दोरी गुंडाळून खिशात घातली आणि सायकल हाती धरून चालत घरी गेलो.