रुंद छातीचा ट्रॅक्टर

वाळूमामाला बैल कळायचा. सायखेड्यात त्याला दाखवल्याशिवाय कुणी जोडी घेत नसे. १९३८ साली निसारशेठनी शेतासाठी ट्रॅक्टर घ्यायचं काढलं, तर तोही पारखायला मुंबईला नेलं मामालाच. काय म्हणावं या कारभाराला!

दुकानात दोन ट्रॅक्टर उभे होते. एक बुटका, पुढची चाकं ऐसपैस फाकलेली. दुसरा उंच, पुढची दोन्ही चाकं एकमेकांना चिकटलेली. मामा त्याच्याकडं बघून हसला.

"शेठ, ह्यो बगळा कशाला? रुंद छातीचा घ्या."

दुकानदार काहीतरी सांगू बघत होता, पण मामा बोलू देईल तर ना!

बुटक्यानं नांगरट झकास केली. शेठनी खुशीत घरची बैलजोडी काढली. मामानंच ती चांदवडच्या बाजारात नेऊन विकली.

मग कपाशी मांडीला लागली, ओळींमधलं तण काढायची वेळ आली. ट्रॅक्टर आत घातला, तर चाकं ओळींवर चढली आणि उरलेली झाडं त्याच्या पोटाखाली मोडत गेली. उंच ट्रॅक्टर उभ्या पिकासाठीच बनवलेला होता. त्याच्या पोटाखालून कपाशी अलगद निघाली असती. आता जुंपायला बैलही नव्हते.

शेठ स्वतःच खुरपं घेऊन ओळीत बसले. तेच मामाला लागलं.

पुढं बाजारात कुणी बैल दाखवला, की मामा छातीकडं बघायचाच नाही. खाली वाकून पोटाखालून पलीकडं बघत राहायचा. मग गुडघे झाडत उठायचा आणि म्हणायचा, "मला नाय कळत."