आजच्या काळातील औषध

चर्चच्या कामात माणूस पडला की त्याच्याकडे दोन गोष्टी साठत जातात. मोडक्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि किस्से. खुर्च्या भंगारवाला नेतो. किश्शांना मात्र गिऱ्हाईक नसतं, त्यामुळे ते ज्याला त्याला ऐकवत बसावं लागतं.

मी सोलापुरातल्या एका शाळेत मराठी शिकवून रिटायर झाले. महिना झाला नसेल, तोच आमच्या चर्चचे सेक्रेटरी गायकवाडसाहेब घरी आले. तेही रिटायर, रेल्वेतून. म्हणाले, "टीचर, ज्यांना बायबल अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी वर्ग काढायचाय. अगदी बिगरीपासून. तुम्ही शिकवा."

मी हो म्हणाले. शिकवण्यात फारसं अवघड काही नव्हतं. अवघड निघालं ते नाव ठरवणं.

त्यासाठी कमिटीच्या तीन मीटिंगा झाल्या. गायकवाडसाहेबांना नावात 'आजच्या काळातील' हे शब्द हवेच होते. शेवटी ठरलं, 'पवित्र शास्त्र : प्राथमिक ओळख आणि आजच्या काळातील औचित्य'. बॅनर छापून आला, तर 'औचित्य'च्या जागी 'औषध'. बदलायला वेळ नव्हता, तसाच टांगला.

पहिल्या रविवारी भक्ती संपल्यावर हॉलमध्ये पन्नाशीच्या एक बाई आल्या. अंजम्मा. टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवतात, घरी तेलुगू बोलतात. म्हणाल्या, "गुडघ्याचं औषध कुठं मिळतंय?"

मी बॅनरची चूक समजावून सांगितली. त्यांनी थोडा विचार केला.

"बसायला खुर्ची आहे का?"

"आहे की."

"मग बसते. गुडघ्याला तेवढंच बरं."

दुसरी आली ऋतुजा. एमपीएससीचा अभ्यास करणारी मुलगी. जिथं फुकट वर्ग असेल तिथं जायची तिला सवय. आणि तिसरे आमच्याच कंपाउंडचे वॉचमन, शिंदेमामा. माढ्याकडचे. ते आले, कारण पंखा हॉलमध्येच होता.

आमचा वर्ग तो एवढाच.

*

मी शुभवर्तमानापासून सुरुवात केली. पण पहिलंच पान म्हणजे येशूची वंशावळ. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला. गायकवाडसाहेब मागून खुणावत होते, नावं गाळा, पोरं पळून जातील. पोरं म्हणजे हे तिघं.

मी पान उलटायला गेले, तर अंजम्मांनी हात धरला. "वाचा की टीचर. सोयरीक करायची तर आधी घराणं बघायला नको?"

मग मी एकेक नाव घेऊन सांगितलं. हा राजा, पण दुसऱ्याच्या बायकोवर नजर ठेवली. हा भावाला फसवून पळाला. अंजम्मा शेवटपर्यंत मान हलवत ऐकत होत्या.

"घराणं मोठं आहे," त्या म्हणाल्या. "पण माणसं आमच्या गल्लीतलीच दिसतात."

*

ऋतुजाला घराण्यात रस नव्हता. एकूण पुस्तकं किती, अध्याय किती, सर्वांत लहान वचन कोणतं, हे तिनं वहीत चौकटी आखून लिहून घेतलं. गायकवाडसाहेब खूश. त्यांनी लगेच परीक्षा जाहीर केली, दहा आज्ञांवर. उत्तेजन म्हणून कमिटीनंही बसायचं ठरलं. साहेब स्वतः ऋतुजाच्या शेजारी बसले.

अर्धा तास गेला. सहा-सात उत्तरं झाल्यावर साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी छताकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं आणि मग हळूच मान तिरकी करून ऋतुजाच्या पेपरात बघितलं.

ऋतुजानं उत्तरावर हात आडवा ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "साहेब, आठवी ना? चोरी करू नये, हीच आहे ती."

*

मला अभिमान होता तो पवित्र शास्त्राच्या मराठीचा. जुनं, घरंदाज भाषांतर. मी घसा साफ करून वाचायची. एकदा वाचून झाल्यावर शिंदेमामा म्हणाले, "टीचर, राग मानू नका. पण हे कलेक्टर ऑफिसच्या नोटिशीवाणी वाटतंय."

"मग तुमच्या शब्दांत सांगा."

त्यांनी वादळाची गोष्ट सांगितली. नाव बुडायला लागलीय, शिष्य घाबरलेत आणि येशू मागं निवांत झोपलाय. "ते म्हणले, अवो उठा, आमी मरायला लागलोय, तुमाला काय हाय का न्हाय? तवा तो उठला, वाऱ्याला म्हणला, गप. आन वारा गप झाला की."

मग गायकवाडसाहेबांनी हरकत घेतली. "प्रभूच्या गोष्टीत हाय-न्हाय बरं दिसत नाही."

आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, दारात उभे राहून ऐकत होते. हा माणूस कमी बोलतो. ते म्हणाले, "साहेब, प्रभूच्या शिष्याला लोकांनी बोलण्यावरूनच ओळखलं होतं, हा गालीलचा म्हणून. गालील म्हणजे त्यांचं माढाच होतं."

*

तरी गायकवाडसाहेबांना 'आजचा काळ' कमी पडतोय असं वाटत होतं. त्यांनी पुण्याहून एक वक्ते बोलावले. लॅपटॉप, पडदा, सगळं आलं. विषय, हरवलेलं मेंढरू. शंभरातलं एक हरवतं आणि मेंढपाळ नव्व्याण्णव मागे सोडून त्याला शोधायला जातो, ती येशूची गोष्ट. वक्ते म्हणाले, आजच्या पिढीनं मेंढपाळ पाहिलेला नाही, म्हणून आपण त्याला टीम लीडर समजू या.

शिंदेमामांनी हात वर केला. "मी राखलीत मेंढरं. एक हरवलं म्हणून हा गेला, ते ठीक हाय. मागं नव्व्याण्णव कुणाच्या राखणीवर सोडली? मी असं गेट सोडून गेलो, तर हे साहेब मला कामावरून काढतील."

वक्त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "नेक्स्ट स्लाइड."

आठवड्याभरानं मामांनी मला गेटवर अडवलं. "टीचर, कळलं मला. एकासाठी जो जातो, तो आपल्यासाठीबी जाईल, हे बाकीच्यांना ठाऊक असतंय. म्हणून ती जागची हलत न्हाईत."

हे उत्तर वक्त्यांना कळवावं म्हणून मी साहेबांकडे नंबर मागितला. ते म्हणाले, "कशाला? त्यांचा विषय संपला."

*

मग हंगामाचा सण आला. त्या दिवशी लोक शेतातलं, परसातलं काही आणून वेदीसमोर ठेवतात आणि भक्तीनंतर त्याचा लिलाव होतो.

आदल्या रविवारी वर्गात आम्ही वाचलं होतं की अर्पण घेऊन आलात आणि भावाच्या मनात तुमच्याबद्दल काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवा, आधी जाऊन समेट करा, मग येऊन द्या. तीन मिनिटांत समजावून मी पुढे गेले होते. मामांनी एवढंच विचारलं होतं, "त्याच्या मनात माझ्याबद्दल, का माझ्या मनात त्याच्याबद्दल?"

"त्याच्या मनात तुमच्याबद्दल."

सणाला भोपळे आले, केळीचे घड आले, दोन कोंबड्या आल्या. मामांना कुणी मागितलं नव्हतं. ते हिंदू माणूस. पण त्यांनी सासुरवाडीच्या शेतातली अर्धं पोतं ज्वारी वेदीसमोर ठेवली, पाळकसाहेबांच्या कानात काही सांगितलं आणि बाहेर गेले. आम्हाला वाटलं, गेटवर गेले. गेटवर खुर्ची रिकामी होती.

लिलावात साहेब पोत्याला हात घालणार, तेवढ्यात पाळकसाहेब म्हणाले, "ते राहू द्या. त्यानं अजून दिलेलं नाही. गावी गेलाय."

मग सगळं कळलं. सात वर्षांपूर्वी मामांच्या मुलीचं लग्न झालं. पत्रिकेत डेअरीच्या चेअरमनपासून सगळ्यांची नावं छापली, धाकट्या भावाचं राहिलं. भाऊ लग्नाला आला नाही. तेव्हापासून बोलणं बंद.

पोतं पुढच्या रविवारीही तिथंच. मधे एक लग्न लागलं. नवरा-नवरीच्या प्रत्येक फोटोत मधोमध पोतं. कमिटीची मीटिंग झाली. पोतं स्टोअररूममध्ये हलवावं, असा ठराव आला. पाळकसाहेबांनी विचारलं, "कोणत्या वचनाच्या आधारानं?" कुणाला वचन सापडेना. तोवर गेटवर गायकवाडसाहेबच बसत होते.

तिसऱ्या रविवारी मामा आले. सोबत पांढरी टोपी घातलेला भाऊ, बापू.

"काय झालं?" मी विचारलं.

"चार दिस बोलला न्हाय. पाचव्या दिशी म्हणला, जेव. मग त्याचा हरभरा काढून दिला आन आलो."

दोघं पहिल्या बाकावर माझ्या शेजारी बसले. चर्च भरलेलं, अर्पणाच्या थैल्या फिरायला तयार. बापूंनी पोत्याकडे बघितलं, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दादा म्हणतोय, हे पुस्तकात लिवलंय. कुठल्या पानावर?"

मी पान काढून दिलं. त्यांनी बोट ठेवून एकेक शब्द वाचला. पुन्हा वरपासून वाचला.

"हे समद्यांसाठी हाय, का फकस्त दादासाठी?"

"सगळ्यांसाठी," मी म्हणाले.

बापू मागे वळले. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत त्यांनी सावकाश नजर फिरवली.

"मग एवढी माणसं बसलीत कशी?"