भूक लागायची तेव्हा

ऑपरेशननंतर माझ्या नवऱ्याला पोट राहिलं नाही. बोलायची पद्धत म्हणून सांगत नाही, खरोखरच राहिलं नाही. जठरात गाठ निघाली होती. डॉक्टरीणबाईंनी अख्खं जठर काढून अन्ननलिका थेट आतड्याला जोडली आणि नंतर पनवेलच्या दवाखान्यात आम्हा दोघांना कागदावर चित्र काढून समजावलं. मी अंगणवाडीत पोरांना खिचडी भरवण्यात आयुष्य घालवलेली बाई, पण माणूस जठराशिवाय जगतो हे मला ठाऊक नव्हतं.

"जठर अन्न साठवतं, घुसळतं आणि मग थोडं थोडं पुढे सोडतं," बाई म्हणाल्या. "आता ते काम तोंडाने करायचं. घास अगदी बारीक होईपर्यंत चावायचा. पोटभर जेवायचं नाही, थोडं थोडं, सारखं खायचं. आतडं हळूहळू शिकून घेईल."

"भाकरी चालंल?" ह्यांनी विचारलं.

"चालेल. पण घाई करायची नाही."

घाई न करता जेवलेला हा माणूस मी तोवर कधी पाहिला नव्हता. रसायनीच्या एका कारखान्यात पाळीवर जायचे. घरी आले की मोटारसायकल उभी करता करताच ओरडायचे, "वाढलंस का गं?" तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, जवळ्याची चटणी. ताटावर बसले की कुणाशी बोलायचे नाहीत. जेवायला उशीर झाला तर आवाज चढायचा, आणि पहिला घास पोटात गेला की तोच माणूस पोराच्या अभ्यासाची चौकशी करायचा. त्या भुकेवर माझ्या घराचं घड्याळ चालत होतं.

दवाखान्यातून खालापूरजवळच्या आमच्या गावी परत आलो आणि ते घड्याळ बंद पडलं. मी वाटीत पेज द्यायची, नाचणीची आंबील द्यायची, मऊ भात द्यायची. ते औषधासारखं संपवायचे. सुरुवातीला नातेवाइकांकडे बारशाला गेलो तेव्हा आग्रहाखातर दोन चमचे शिरा खाल्ला, तर थोड्याच वेळात घामाने सदरा भिजला, छाती धडधडायला लागली आणि लोकांच्या घरात आडवं व्हावं लागलं. गोड एकदम आतड्यात उतरलं की असं होतं, हे बाईंनी सांगितलं होतं. तरी मी घाबरून रडले.

तेव्हापासून मी त्यांच्यासमोर जेवेनाशी झाले. त्यांना वास जाऊ नये म्हणून माझं ताट घेऊन मागच्या दाराने थोरल्या जाऊबाईंच्या गोठ्यात जायची आणि म्हशीशेजारी पाटावर बसून चार घास गिळायची. एका दुपारी वर बघितलं तर हे दारात उभे.

"हितं जेवतीस तू?"

"तुमाला त्रास नको म्हणून."

"कसला त्रास?"

"आमी बिरडं खायचं आन तुमी पेज. जीव जाईल ना त्यावर तुमचा."

ते माझ्याजवळ येऊन बसले. माझं ताट जवळ ओढून वास घेतला.

"जीव जात नाय गं, तेच तर दुखणं हाय," ते म्हणाले. "बिरडं दिसतंय, वास येतोय, पण काय वाटत नाय. मला भूकच लागत नाय. पाळीवरून येताना चौकापासून पोटात कसं ओढायचं, आठवतंय तुला? तसं एकदा व्हावं. मग खायला नाय मिळालं तरी चालंल."

मला वाटत होतं, त्यांना खाण्याची ओढ आहे. त्यांना ओढ होती भुकेची. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, भुकेचा निरोप बराचसा जठरातूनच मेंदूकडे जातो. काही लोकांना भूक पुन्हा जाणवायला लागते, काहींना नाही. सांगता येत नाही.

गोठ्यातल्या त्या दुपारपासून मात्र आमची जेवायची जागा गोठाच झाली. म्हैस सकाळभर पेंढा ओढायची, चावते की नुसता गिळते असं वाटावं इतक्या घाईने. दुपारी सावलीत बसली की रवंथ सुरू. तिच्या गळ्याच्या डाव्या बाजूने गोळा वर चढताना दिसायचा. मग डोळे अर्धे मिटून खालचा जबडा आडवा फिरवत ती तो घास पुन्हा चावायची, गिळायची, जरा थांबायची, की दुसरा गोळा वर.

"हिला चार कप्पे आन मला एक पण नाय," ते म्हणायचे. "पण रीत हिचीच बरी."

ते तिच्याकडे बघत भाकरीचा तुकडा चावायचे. तिचा घास खाली उतरेपर्यंत आपला गिळायचा नाही, असा त्यांनी नेमच केला. जाऊबाई हसायच्या. "भाऊजी, म्हशीचे शिष्य झालात की!" पण खरं सांगते, भाकरी पचायला लागली ती त्या गोठ्यात. मीही त्यांच्याबरोबर सावकाश जेवायला शिकले. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही दोघं एका वेळी, शेजारी बसून, बोलत बोलत कधी जेवलो नव्हतो. मी वाढायची, ते जेवायचे, मग मी. आता घास चावून होईपर्यंत ते गप्प, मग एखादी गोष्ट सांगायचे, मग पुन्हा घास. तरुणपणी कोंडाण्याची लेणी बघायला गेलो होतो आणि बांधून नेलेला डबा वाटेतच संपवला होता, ते त्यांनी कितीदा सांगितलं असेल! त्या डब्यातल्या अंड्याच्या पोळीचं नाव काढलं की त्यांचा आवाज बदलायचा.

थंडीत वालाच्या शेंगा भरल्या. शेतात संध्याकाळी पुतण्यांनी पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, अंडी, ओवा-मीठ, वरून पेंढ्याचा जाळ. दरवर्षी मडकं उघडायची घाई ह्यांनाच असायची. त्या वर्षी ते कांबळं पांघरून लांब बसले होते. मी शेंगा सोलून एकेक दाणा त्यांच्या हातावर ठेवत गेले. ते चावायचे आणि जाळाकडे बघायचे.

"चव हाय ना?" मी विचारलं.

"चव हाय. बाकी काय नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू खा गं. तू खाताना बरं वाटतं."

उन्हाळा लागला. एके दिवशी सकाळी मी तांदूळ निवडत बसले होते, तर हे परसातून आत आले आणि चौकटीला धरून उभे राहिले. चेहरा विचित्र झालेला. माझ्या हातातलं सूप खाली गेलं.

"काय होतंय?"

"कायतरी होतंय खरं." त्यांनी बरगड्यांखाली हात ठेवला. "हितं ओढल्यासारखं. दुखत नाय." मग चोरीच्या गोष्टीसारखं हळू म्हणाले, "भूक तर नसंल?"

मी आधण ठेवलं, पीठ उकडलं. भाकरी इतक्या घाईने थापली की पहिली तव्यावर फाटली. ती फाटकीच त्यांनी मीठ-तूप लावून खाल्ली, तिथेच चुलीपुढे उकिडवं बसून. अर्धी खाल्ली, थांबले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते चावत होते. मी हसायला लागले, मग तेही.

त्यानंतर भूक रोज आली नाही. लांबच्या नातेवाइकासारखी, मनात येईल तेव्हा यायची. आली की मला हाक मारून सांगायचे, आणि मी हातातलं काम टाकायची. अशी दीड-दोन वर्षं आम्हाला मिळाली. मग दुखणं यकृतात उतरलं. शेवटी शेवटी पेजेचं पाणीसुद्धा नको झालं. भाताच्या लावणीच्या दिवसांत ते गेले, घरीच.

आता मुलगा शेलूला नव्या इमारतीत राहतो. मला तिकडे ये म्हणतो. मी सणावाराला जाते. तिथे सगळे आपापल्या वेळेला ताट घेऊन येतात, नातू मोबाइल बघत भराभर गिळतो आणि उठतो. त्यांच्या वयाला आम्हीही तसेच होतो. माझा घास तोंडातच असतो आणि टेबल रिकामं झालेलं असतं. मग मी उरलेलं जेवण एकटीच संपवते, सावकाश, आणि शेजारच्या खुर्चीकडे तोंड करून बसते.

गावी असले की सून रोज दुपारी फोन करते. "आई, जेवलात का?"

"जेवले गं," मी म्हणते. बहुतेक दिवशी ते खरं असतं.