कागद निघाला!

डोंगरी गाड्यांच्या कमानी बसवणाऱ्या कमानउस्तादांना जगातल्या बहुतेक गोष्टींचा तिटकारा होता आणि तो पोटात ठेवायची त्यांना सवय नव्हती. मोठाले टायर लावून बाजारात मिरवणारे त्यांच्या लेखी बैलाच्या शिंगांना रंग लावणारे. चकचकीत गॅरेजवाले नुसते फडकेबहाद्दर. आणि विजेवर चालणारी गाडी? चाकं लावलेला मिक्सर!

एक मात्र खरं, कामात उस्तादांचा हात धरणारा कोणी नव्हता. डोंगरवाटेवर एक चाक खडकावर चढलं की दुसरं खड्ड्यात लोंबकळतं. तेव्हा गाडीचं अंग असं लवलं पाहिजे की चारही चाकं जमीन धरून राहतील. हे तपासायची त्यांची रीत साधी. खड्ड्यात वर्तमानपत्राची पट्टी टाकायची, चाक त्यावर आणायचं आणि पट्टी ओढायची. कागद निघाला तर चाक अधांतरी आणि गाडी नापास. वनखात्याच्या डेपोत बावीस वर्षं हाच शेवटचा शब्द होता.

त्यांच्या लेकीनं याच कागदावर धडे गिरवले, आणि मग ती विजेच्या गाड्यांच्या कंपनीत गेली. तेव्हापासून उस्ताद तिच्याशी सरळ बोलले नव्हते.

आता डेपो नव्या गाड्या घेणार होता. लेकीची गाडी पास झाली तर डेपोचं काम उस्तादांच्या हातून जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. त्या सकाळी लेकीनं गाडीचं माहितीपत्रक त्यांच्यापुढे ठेवलं.

"बाबा, वाचून तरी बघा."

"मिक्सरबरोबर येतं तसलंच ना हे?" असं म्हणून त्यांनी ते बाजूला सारलं. ती गेल्यावर मात्र कात्री घेतली आणि त्याच्याच पट्ट्या कापल्या. वर्तमानपत्र खरखरीत, हा कागद बुळबुळीत. चाकाखालून अलगद सुटेल. बावीस वर्षांचा न्याय या गृहस्थांनी चहा पिता पिता कापून टाकला, आणि वर स्वतःच्या हुशारीवर खूश झाले.

चाचणी जुन्या खाणीत होती. लेकीनं गाडी आणली, खाली उतरली आणि पुढच्या दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा सोडवला. चाकं मोकळी व्हावीत म्हणून आधी हा दांडा सोडायचा, हे तिला कोणी शिकवलं होतं ते सांगायला नकोच. उस्तादांनी तोंड फिरवलं.

पट्टी खड्ड्यात पडली. गाडी खडकावर चढली, वाकडी झाली, थांबली. उस्ताद गुडघ्यावर बसले आणि त्यांनी पट्टी ओढली.

पट्टी हलेना. त्यांनी दात खाऊन हिसका दिला, तशी ती टर्रकन फाटली. अर्धी हातात, अर्धी चाकाखाली. बुळबुळीत कागद असूनही फाटली! चाकानं जमीन अशी धरली होती, जशी फक्त त्यांच्याच हातची गाडी धरायची.

क्षणभर त्यांचा ऊर भरून आला. मग त्यांनी मूठ आवळली आणि उभे राहून ओरडले, "निघाला! कागद निघाला!"

डेपोच्या साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. स्टिअरिंगमागे बसलेली लेक बापाच्या आवळलेल्या मुठीकडे बघत राहिली.

चाकाखालच्या अर्ध्या कागदाचा बंदोबस्त उस्तादांच्या डोक्यात तयार होता. गाडी सुरू झाली की इंजिन गुरगुरेल, लोक मागे सरतील, आपण त्यावर पाय ठेवायचा. जन्मभर गाड्या अशाच निघालेल्या. ते निर्धास्तपणे साहेबांकडे वळले.

"सांगितलं नव्हतं? मिक्सर तो मिक्सर! चटणी वाटायला न्या म्हणावं. डोंगर चढायला जातीची गाडी लागते, साहेब, आणि..."

साहेब त्यांच्या खांद्यावरून मागे बघत होते. उस्ताद वळले. गाडी केव्हाच वर पोहोचली होती. आवाज नाही, धूर नाही, काही नाही. मोकळ्या खड्ड्यात, टायरचे ठसे उमटलेला, गाडीच्या चित्राचा अर्धा तुकडा सगळ्यांसमोर पडला होता.

साहेबांनी वाकून तो उचलला, उलटा सुलटा केला.

"उस्ताद," ते म्हणाले, "मूठ उघडा."

वरून लेक हाक मारत होती, "राहू द्या, साहेब! नापास लिहा, पण त्यांना मूठ उघडायला लावू नका."

उस्तादांनी याही वेळी तिचं ऐकलं नाही, पण आयुष्यात पहिल्यांदा त्याचं वाईट वाटून घेतलं, आणि मूठ उघडली.