दमणगंगेत गेलेला दाखला

अण्णा गेल्याचं कळलं तेव्हा मी आमलीच्या चौकात पत्रकं वाटत होते. फोनवर त्यांची लेक मनीषा एवढंच म्हणाली, "ताई, अण्णा गेले… चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेले." दहाव्याला आमच्या टोकरखाड्याच्या चाळीबाहेर त्यांचा फलक लागला. फोटोखाली ओळ होती, 'साधेभोळे, सर्वांशी जुळवून घेणारे'. मला संतापच आला. मेलेल्या माणसाबद्दल इतकं धडधडीत खोटं लिहायचं? तेही अण्णांबद्दल, ज्यांनी एका खऱ्या वाक्यासाठी अख्खी कचेरी खोळंबवून ठेवली होती?

अण्णा मूळचे धुळ्याकडचे. सूत कंपनीत फिटर म्हणून आले आणि सिल्वासाचेच झाले. आमचं नातं भिंतीचं, म्हणजे दोन्ही घरांत भिंत एकच. मी कंत्राटी कामगारांसाठी पत्रकं लिहायचे, ते चष्मा लावून वाचायचे आणि म्हणायचे, "पत्रकवाली, एवढी उद्गारचिन्हं? वाचताना दम लागतो."

काही वर्षांपूर्वी श्रावणात मनीषाचा नर्सिंगला नंबर लागला आणि घरात कानबाई बसली. खानदेशी लोकांची ही देवी: पाटावर लाल फडकं, त्यावर सजवलेला नारळ, एका रात्रीचा मुक्काम, दुसऱ्या दिवशी नदी. अण्णांनी लेकीचा शाळा सोडल्याचा दाखला आशीर्वादासाठी फडक्याखाली सरकवला. सोमवारी वाजतगाजत दमणगंगेवर गेलो. नारळ घरी परत आणायचा म्हणून बाजूला काढला आणि अण्णांनी फुलांसकट फडकं पाण्यात झटकलं. दाखला पाकळ्यांमधून तरंगत निघाला. मनीषा किंचाळली. अण्णांनी हात जोडले. त्यांना वाटलं, पोरगी भक्तीने ओरडतेय.

शाळा म्हणाली, दुसरा दाखला देतो, पण आधी वडिलांचं प्रतिज्ञापत्र आणा. कॉलेज म्हणालं, शुक्रवारपर्यंत दाखला नसेल तर जागा पुढच्या मुलीला. म्हणून आम्ही तिघं कचेरीबाहेर, छत्रीखाली कॉम्प्युटर मांडून बसणाऱ्या हितेशभाईंसमोर. त्यांच्याकडे मजकूर तयारच होता, फक्त नाव बदलायचं: 'बसप्रवासात दाखला पडून गहाळ झाला.'

"बसमध्ये नाही पडला," अण्णा म्हणाले.

"अरे अण्णा, बधा आम ज लखे छे! असंच लिहितात सगळे, सगळ्यांचे बसमध्येच पडतात."

"पडू द्या. मी शपथेवर सांगायचं आणि कंडक्टर बिचारा बदनाम? मी बुडवला, असं लिहा."

"तर साहेब विचारणार, कशाला बुडवला!"

"मग सांगू."

मनीषा रडकुंडीला आली. "अण्णा, माझी जागा जाईल हो! एका ओळीचा तर प्रश्न आहे."

अण्णा हलले, ते मला दिसलं. त्यांनी पेन उचललं, लेकीकडे पाहिलं, पेन खाली ठेवलं. "कानबाई परवाच आपल्या घरून गेली, बाई. तिची पाठ वळत नाही तोच खोटी शपथ? तुझ्या शिक्षणाच्या पहिल्याच कागदाला?"

अशा वेळी मी गप्प बसणं शक्य नव्हतं. मी हितेशभाईंना सांगायला लागले: 'ज्या व्यवस्थेने कष्टकऱ्याला कागद ठेवायला साधं कपाटही दिलं नाही, तिच्यामुळेच…' हितेशभाई भराभर टाइप करत होते, त्यांना ते आवडलं होतं. अण्णांनी हात वर केला.

"कपाट शे ना मनाजोडे."

"अण्णा, ते आपलं बोलायची पद्धत म्हणून…"

"लोखंडी शे. त्याले आरसाबी शे. लगीनमा भेटेल."

अण्णांजवळ लग्नात मिळालेलं कपाट होतं, व्यवस्था तिथेच सुटली.

शेवटी अण्णांनी सांगितलं तसंच उतरलं: दाखला मी देवीखाली ठेवला, काढायला विसरलो, माझ्याच हाताने नदीत गेला, चूक माझी, मुलीची नाही. आत साहेबांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. "ये कानबाई कौन है?" झालं… अण्णांनी खुर्ची पुढे ओढली आणि नाचणाऱ्या बायकांपासून प्रसादाचे रोट आणि कटाच्या आमटीपर्यंत सगळं सांगितलं. मागे रांग दारापर्यंत गेली. साहेब हसू दाबत म्हणाले, "अगले साल हमको भी रोट खाने बुलाइए." शिक्का अजून हवेत होता. दुसरं कुणी 'जरूर' म्हणून सुटलं असतं. अण्णा म्हणाले, "साहेब, रोट सिर्फ भाऊबंद को चलता है. आप खीर खाने आना." मनीषाने डोळे गच्च मिटले. साहेब खो खो हसले आणि शिक्का खाली आला. जागा वाचली.

त्यानंतर अण्णांनी नवाच रिवाज पाडला. नदीवर निघताना ते दारात आडवे उभे राहायचे आणि ओरडायचे, "फडक्याखाली हात घाला!" बायका हसायच्या, पण घालायच्या.

यंदा अण्णा आषाढात गेले, म्हणून त्यांच्या घरी कानबाई बसली नाही. शेजारच्या वहिनींकडे बसली. सोमवारी ढोलवाले आले, पाटाला हात लागले आणि सगळ्याच बायका थबकल्या. दाराकडे बघत… कुणीच ओरडलं नाही. मग मीच ओरडले. घोषणांनी कमावलेला माझा आवाज, नेमका तेव्हा फाटला. फडक्याखाली हात घातला तर प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कागद लागला. मनीषाच्या नर्सच्या नोकरीचा आदेश!

"अगं, तू पुन्हा?"

मनीषा ओढणीने नाक पुसत म्हणाली, "अण्णा म्हणायचे, ठेवला ते चुकलं नाही. काढायला विसरलो, ते चुकलं."

कानबाई पुढे गेली. मी ती पिशवी अण्णांच्या कपाटात ठेवून आले. लोखंडी आहे. त्याला आरसाही आहे.